बी.एस्सी. झूऑलॉजीनंतर प्राणी-वर्तन आणि वन्यजीव शिकायचंय. घरी काय सांगू?

मीनाकाठची

नमस्कार. मी जुन्नर तालुक्यातली. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय झूऑलॉजी. घरी दोन एकर शेती, निम्मा ऊस, निम्मा कांदा.

आमच्याकडे बिबट्या नवा नाही. रात्रीची लाइट असली की आबा मोटार चालू करायला जातात, तेव्हा भाऊ बॅटरी घेऊन सोबत जातो आणि दोघं मोठ्यानं बोलत जातात. दोन वर्षांपूर्वी आमच्या शेजारच्या वावरात ऊसतोड चालू असताना तीन पिल्लं सापडली. डोळे नुकतेच उघडलेले. तोडणी थांबली, वनखात्याची माणसं आली. त्यांनी पिल्लं तपासली आणि संध्याकाळी बरोबर त्याच सरीत एका क्रेटमध्ये नेऊन ठेवली. कॅमेरा लावला, सगळ्यांना लांब घालवलं. रात्री आई आली आणि एकेक करून तिन्ही पिल्लं मानेला धरून घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हाला ते चित्रण दाखवलं.

सगळे म्हणाले, "आईचं काळीज." मला मात्र रात्रभर एकच वाटत राहिलं, की ती येणार हे या माणसांना आधीच कसं माहीत होतं? हे कोणी शोधून काढलं? कुठे बसून? तेव्हापासून मला हेच शिकायचंय.

आबांचं म्हणणं, बी.एड. कर, तालुक्यात कुठंतरी शाळेत लागशील. "जनावरं बघून कोणाचं पोट भरतं?" असं ते विचारतात. रागानं नाही, काळजीनं विचारतात, म्हणून मला उत्तर देता येत नाही. बारावीपर्यंत माझं मराठी माध्यम. गणित बरं आहे, इंग्रजी वाचता येतं पण बोलताना अडकते.

ज्यांनी हे शिक्षण खरोखर घेतलंय त्यांनी सांगावं: तिथे नक्की काय शिकवतात? आणि माझ्यासारखीनं यावं का?

---

शिरवळचा_व्हेट

एक गोष्ट आधी स्पष्ट करून घे, कारण आमच्या वर्गात निम्म्या मुलांचा इथेच गोंधळ होता. जखमी बिबट्याला भूल द्यायची, टाके घालायचे, ही पशुवैद्यकाची कामं. त्यासाठी बी.व्ही.एस्सी., प्रवेश नीटमधून, इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं. मुंबई, नागपूर, शिरवळ, परभणी, उदगीर इथे कॉलेजं आहेत. बिबट्या कुठे राहतो, काय खातो, माणसाला का टाळतो, हे शोधणं वेगळं शिक्षण आहे आणि झूऑलॉजीवरून ते तुला जवळ आहे. वनखात्यात अधिकारी व्हायचं असेल तर तिसरा रस्ता: एमपीएससीची वनसेवा किंवा यूपीएससीची भारतीय वनसेवा. तिन्ही रस्ते एकाच उसात येऊन मिळतात, पण सुरुवातीला एक निवडावा लागतो.

---

माळटिटवी

मीनाकाठची, तुझा प्रश्न वाचून मी हातातलं काम बाजूला ठेवलं. मी करमाळा तालुक्यातली, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेली. वन्यजीवशास्त्रात एम.एस्सी. केलं, पहिल्या वर्षी प्रवेश मिळाला नाही, दुसऱ्या खेपेला मिळाला. आता गवताळ माळांवर काम करते. तुझ्या पहिल्या प्रश्नापासून सुरू करते: तिथे काय शिकवतात.

पहिल्या आठवड्यात आम्हाला एकेक वही दिली आणि सांगितलं, कुठलाही एक प्राणी निवडा, दोन तास बघा आणि लिहा. मी कॅम्पसमधलं एक वानर निवडलं. परत येऊन चार पानं वाचून दाखवली. सरांनी तांबडा पेन घेतला आणि माझ्या एका वाक्यातल्या एकाच शब्दाखाली रेघ मारली. वाक्य होतं, "कुत्रा दिसताच वानर घाबरून झाडावर चढलं." रेघ "घाबरून"खाली. म्हणाले, "भीती कुठे दिसली तुला? कान दिसले असतील, शेपटी दिसली असेल, ओरडणं ऐकू आलं असेल. किती सेकंदांत चढलं? किती फुटांवर कुत्रा होता? जे दिसलं ते लिही. घाबरलं की नाही ते नंतर ठरवू." मला खूप लागलं होतं ते. मी लहानपणापासून जनावरांत वाढले, मला कळत नाही का वानर घाबरलंय ते! पण आज बारा वर्षांनी सांगते, सगळं शिक्षण त्या एका तांबड्या रेघेत होतं. तुझ्या गावानं "आईचं काळीज" म्हटलं आणि तू "यांना कसं माहीत" असं विचारलंस. ती रेघ तू स्वतःच मारलीस.

यानंतर येते बघण्याची शिस्त. जीन आल्टमन नावाच्या बाईंनी १९७४ साली एक शोधनिबंध लिहिला, निव्वळ या विषयावर: प्राण्याकडे बघायचं कसं. आजही जगभर प्राणी-वर्तनाच्या वर्गात तो शिकवतात. त्यातली मुख्य गोष्ट मी माझ्याच चुकीवरून सांगते. माझा एम.एस्सी.चा प्रबंध काळविटांवर होता, सोलापूरजवळ नान्नजच्या माळावर. पहिले चार दिवस मी जे दिसेल ते लिहीत गेले. वही भरली नरांच्या टकरींनी. शिंगाला शिंग, धूळ, पाठलाग. ती वही कोणी वाचली असती तर त्याला वाटलं असतं, काळवीट दिवसभर भांडतच असतो. खरं तर टक्कर होते अर्ध्या मिनिटाची आणि बाकी सगळी सकाळ तो मान खाली घालून चरत असतो. पण चरण्याकडे डोळा जात नाही, टकरीकडे जातो. म्हणून नियम लावून घ्यावा लागतो. एकच जनावर ठरवायचं, दहा मिनिटं त्याचीच प्रत्येक हालचाल टिपायची, मग ते झोपलं तरी चालेल. याला फोकल म्हणतात. किंवा दर पाच मिनिटांनी सगळ्या कळपावरून डावीकडून उजवीकडे नजर फिरवायची आणि त्या क्षणी कोण काय करतंय एवढंच लिहायचं. याला स्कॅन म्हणतात. कंटाळा येतो, फार येतो. मार्चमध्ये नऊच्या पुढे दुर्बिणीतून माळ पाण्यासारखा हलायला लागतो आणि हरणाचं डोकं वर आहे की खाली ते कळेनासं होतं. तेव्हा उठायचं.

माझा प्रश्न साधा होता. हरीण चरता चरता मान वर करून बघतं, ते किती वेळा? कळप मोठा असेल तर एकेकाला कमी बघावं लागतं का, कारण बघणारे डोळे जास्त? इतर प्राण्यांत आणि पक्ष्यांत असं दिसलेलं होतंच. माळावर मला कळपाच्या कडेला चरणाऱ्या हरिणी मधल्यांपेक्षा जास्त वेळा मान वर करताना दिसल्या. एवढंच. दोन हिवाळे आणि एक उन्हाळा जाऊन हाती एवढंच. पण ते माझ्या डोळ्यांनी मोजलेलं होतं, आणि माळाच्या कडेनं रस्ता किंवा कुंपण गेलं तर कळपाची "कड" कुठे येईल, हे मला त्यावरून सांगता येतं.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. फेब्रुवारीतल्या एका सकाळी चार गावठी कुत्री एका पाडसामागे लागली. नियम असा, की आपण बघणारे, मध्ये पडायचं नाही. लांडग्यानं पाडस धरलं असतं तर मी हललेही नसते, तो त्याचा माळ आहे. पण ही कुत्री आपल्या गावातली, आपल्या उकिरड्यावर पोसलेली. मी वही टाकून ओरडत धावले. पाडस वाचलं. संध्याकाळी रडवेल्या आवाजात सरांना फोन केला, वाटलं आता बोलणी बसणार. ते म्हणाले, "धावलीस ते बरोबर केलंस. आता तो दिवस आकडेवारीतून काढ, आणि का काढलास ते प्रबंधात लिही." ती ओळ माझ्या प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात आहे. खरेपणा म्हणजे काय हे मला त्या फोनवर कळलं.

आता संख्याशास्त्र. तू गणित बरं आहे म्हणतेस, हे सोनं आहे, सांभाळ. आमच्या वर्गात पक्षी ओळखणारे पुष्कळ होते, आकड्यांपुढे मात्र बरेच जण गळाले. एक उदाहरण देते. तुमच्या शेततळ्यात मासे किती, हे पाणी न उपसता सांगायचंय. पन्नास मासे पकड, खूण करून सोड. आठ दिवसांनी पुन्हा पन्नास पकड. त्यात दहा खुणेचे निघाले, म्हणजे पाचातला एक, तर तळ्यात साधारण अडीचशे मासे. वाघाची गणती आता याच हिशेबावर चालते, फक्त खूण करावी लागत नाही, प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात आणि कॅमेरा ते टिपतो. पूर्वी पगमार्कवरून, म्हणजे ठशांवरून, मोजायचे. २००४-०५ मध्ये राजस्थानातल्या सरिस्काच्या जंगलात एकही वाघ उरला नाही हे उघड झालं, आणि कागदावर तर वाघ होते. त्यानंतर पद्धत बदलली. २००६ च्या गणनेत देशात १४११ वाघ आले, २०२२ च्या गणनेत सरासरी ३६८२ आणि वरची मर्यादा ३९२५. हा "सरासरी" आणि "मर्यादा" शब्द वर्तमानपत्रात गळून पडतो. तो का असायलाच हवा, हे ज्याला समजावून सांगता येतं त्याला या क्षेत्रात काम मिळतं.

आणखी एक, कारण यावर माझे सहा महिने गेले. एकाच नराला मी चाळीस वेळा बघितलं तर ती चाळीस नरांची माहिती होत नाही. ऐकायला सोपं वाटतं. पण माळावर सगळे नर सारखेच दिसतात आणि मन म्हणतं, आकडा वाढतोय, वाढू दे. मी शेवटी शिंगांचे पीळ आणि कानावरच्या चिरा यांची चित्रं काढून नर ओळखायला शिकले. ओळखले तेव्हा चाळीसचे सात झाले.

परवानगीचंही सांगते, कारण हे कोणी आधी सांगत नाही. अभयारण्यात अभ्यासाला जायचं तर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे वनखात्याची लेखी परवानगी लागते. माझा अर्ज एका कार्यालयात इतके महिने पडून राहिला की माझा पहिला हंगाम हुकला. तेव्हा खूप चिडले होते. पण त्या रिकाम्या महिन्यांत मी अभयारण्याबाहेरच्या गायरानात धनगरांच्या वाड्यांबरोबर फिरले, आणि लांडग्याबद्दल जे शिकले ते कुठल्या पुस्तकात नव्हतं. एका आजोबांनी मला मेंढ्यांचे कान दाखवून सांगितलं, "हे बघ, हवा फिरली की आधी ह्यांना कळतं, मग कुत्र्याला, मग मला. तुला तर कळतच नाही." अगदी खरं होतं ते. त्यांच्या मेंढ्या लांडगा नेतो, तरी ते लांडग्याला शिवी देत नाहीत, "त्याचा वाटा" म्हणतात. संवर्धन शिकायचं तर या माणसांपासूनच सुरुवात करावी लागते. माझ्या अभ्यासक्रमात माणसांवरचे तास जनावरांपेक्षा फार कमी होते, ते मला आजही खटकतं.

आणि हो, ज्या अभयारण्याच्या नावात माळढोक हा दुर्मिळ पक्षी आहे तिथे, नान्नजला, मी दोन वर्षं काढली. माळढोक मला एकदाही दिसला नाही. रोज सकाळी मनात यायचं, आज दिसेल. हे दुःख या शिक्षणाबरोबर येतं आणि ते कमी होत नाही. आबांना हे सांगू नकोस, पण तू ऐकून ठेव.

कुठे शिकायचं: देहरादूनचं भारतीय वन्यजीव संस्थान, तिथे वन्यजीवशास्त्राचं एम.एस्सी. १९८८ पासून चालू आहे. बंगळूरच्या एनसीबीएस या जीवशास्त्राच्या राष्ट्रीय संशोधन केंद्रातलं वन्यजीव जीवशास्त्र आणि संवर्धनाचं एम.एस्सी. २००४ मध्ये सुरू झालं, त्याची तुकडी दर दोन वर्षांनी घेतात, तेव्हा वर्षाचा हिशेब आत्ताच लाव. दोन्हीकडे जागा मोजक्या, आधी परीक्षा, मग मुलाखत. पुण्यात गरवारे कॉलेजात जैवविविधतेचं एम.एस्सी. आहे आणि भारती विद्यापीठाच्या पर्यावरण संस्थेत वन्यजीव संवर्धनाचं. घरापासून जवळ म्हणून त्यांना कमी समजू नकोस, माझ्या ओळखीतले सह्याद्री सगळ्यात बारकाईनं जाणणारे लोक तिथलेच आहेत. निव्वळ वर्तनात रस असेल तर आयसर पुणे, आयसर कोलकाता आणि बंगळूरची आयआयएससी या विज्ञान-संशोधनाच्या संस्था बघ. आयआयएससीत राघवेंद्र गदगकर यांनी आयुष्यभर एका गांधीलमाशीच्या पोळ्यांवर काम केलं. राणी मेली की पुढची राणी कोण होणार, हे माश्यांना कसं ठरवता येतं, हा त्यांचा प्रश्न. आयसर कोलकात्यात अनिंदिता भद्रा रस्त्यावरच्या कुत्र्यांचा अभ्यास करतात. म्हणजे बघ, जंगल लागतंच असं नाही.

तुझ्या तालुक्याबद्दल आता. २००१ नंतर जुन्नर भागात बिबटे पकडून दुसऱ्या जंगलात सोडण्याचा मोठा कार्यक्रम झाला. सगळ्यांना वाटलं, प्रश्न सुटेल. बिबट्यांचा अभ्यास करणाऱ्या विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हल्ल्यांच्या नोंदी मांडून पाहिल्या, तेव्हा वर्षाला सरासरी ४ वर असलेले माणसांवरचे हल्ले १७ वर गेलेले दिसले. नंतर त्यांनीच शेजारच्या अकोले तालुक्यात, ऊस आणि वस्ती यांच्या मधोमध, कॅमेरे लावून दर शंभर चौरस किलोमीटरला पाचाच्या आसपास प्रौढ बिबटे मोजले. जवळजवळ तेवढीच तरसं. बिबट्यांच्या विष्ठेत सगळ्यात जास्त काय सापडलं, तर कुत्री. २००९ मध्ये विहिरीत पडलेल्या एका म्हाताऱ्या बिबट्याला, तो कुठे जातो ते कळावं म्हणून, गळ्यात कॉलर लावून माळशेज घाटात सोडला, त्याला "आजोबा" म्हणायचे. तो चालत चालत सुमारे १२० किलोमीटरवर मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात पोचला. दोन वर्षांनी महामार्गावर गाडीच्या धडकेत गेला. या सगळ्यामुळे आज पिल्लं त्याच सरीत परत ठेवली जातात. बिबट्याची आई पिल्लं लपवून शिकारीला जाते आणि परत येते, पिल्लं उचलून नेली तर ती त्याच भागात शोधत राहते आणि बिथरते. हे कोणीतरी रात्री जागून पाहिलं होतं, म्हणून तुझ्या शेजारच्या वावरात ती रात्र शांत गेली. आबांना हे सांग. "जनावरं बघून" तुमच्याच गावातली माणसं सुरक्षित झाली आहेत.

---

दोन_मुलांची_आई

माळटिटवी ताईंनी छान लिहिलंय, पण पैशाचं कोणी बोललं नाही, आणि वडील तेच विचारतात. माझ्या थोरल्यानं हेच एम.एस्सी. केलं. पहिली तीन वर्षं प्रकल्पावरची कामं, करार अकरा महिन्यांचा, मधले दोन-तीन महिने घरी. लग्नाच्या बोलणीत "मुलगा काय करतो" याला उत्तर देताना माझी फार ओढाताण व्हायची. मग त्यानं नेट ही राष्ट्रीय परीक्षा दिली, जेआरएफ म्हणजे संशोधनासाठीची शिष्यवृत्ती मिळाली. ती आता महिना ३७ हजार आहे आणि पीएच.डी. संपेपर्यंतचा प्रश्न त्यानं मिटतो. व्याघ्र प्रकल्पांत जीवशास्त्रज्ञाच्या जागा असतात, त्या बहुतेक करारावरच. बाळा, ये, पण नेटचा अभ्यास एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षापासून धर, आणि बी.एड.चं दार कायमचं लावून घेऊ नकोस. मुलगा सुखी आहे. मी अजून पूर्ण निर्धास्त नाही, हेही खरं.

---

निवृत्त_वनपाल

मी छत्तीस वर्षं खात्यात होतो, त्यातली बरीच बिबट्याच्या पट्ट्यात. पिंजरा लावला आहे, मागं चारशे माणसं जमली आहेत, कोणी मोबाइल वर धरलाय, कोणी दगड. त्या वेळी आम्हाला जनावराची भीती कमी आणि गर्दीची जास्त वाटायची. तुम्ही शिकून आलात तर हे आधी बघा.

दुसरं. अभ्यासाला पोरं-पोरी यायच्या, आमच्या चौकीत राहायच्या, आमच्याबरोबर भाकरी खायच्या. आमचे वनमजूर त्यांना ठसे दाखवायचे, विष्ठा ओळखून द्यायचे. मग ते जायचे आणि पुढे काय निघालं ते आम्हाला कधीच कळायचं नाही. एकच मुलगी परत आली होती. तिनं चौकीच्या ओट्यावर बसून मराठीत सांगितलं, तुम्ही गोळा करून दिलेल्या विष्ठेतून हे निघालं, हे निघालं. आमचा एक वनमजूर, सही करण्यापुरतं शिकलेला, त्यानं तिला तीन प्रश्न विचारले. तिच्याकडे तिसऱ्याचं उत्तर नव्हतं. ती म्हणाली, "काका, हे मी पुढच्या वर्षी बघते," आणि वहीत लिहून घेतलं. पोरी, तू मराठी माध्यमातली आहेस याची लाज धरू नको. तुझं म्हणणं त्या ओट्यावर कळणार आहे.

---

मीनाकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री जेवणानंतर आबांना वाचून दाखवलं. ४ आणि १७ वर ते थांबले, म्हणाले, "परत वाच." २००१ नंतरची ती वर्षं त्यांना आठवतात, संध्याकाळी सहाला दारं लावायचे म्हणे. होय म्हणाले नाहीत. पण काकूंनी लिहिलेल्या ३७ हजारांवर म्हणाले, "एवढे?" आणि मग बराच वेळ काही बोलले नाहीत.

माळटिटवी ताई, परीक्षा व्हायला अजून वर्ष आहे. तोपर्यंत मी काय करू? इंटर्नशिपला बाहेर पाठवणार नाहीत.

---

माळटिटवी

बाहेर जायची गरजच नाही. एप्रिल चालू आहे. तुमच्या कांद्याच्या वावरात किंवा बांधालगतच्या पडीक तुकड्यात टिटवीचं घरटं नक्की असेल. घरटं म्हणजे काय, जमिनीवर चार खडे आणि त्यात मातीच्या रंगाची, बहुधा चार अंडी. गावातली म्हातारी माणसं टिटवीनं अंडी उंचावर घातली की पाऊस चांगला म्हणतात. हसू नकोस, तेही लिहून घे, आणि घरटं बांधापासून किती इंच वर आहे ते दुरूनच अंदाजानं लिही.

जोडी ओरडत डोक्यावर फिरायला लागली की समज तू फार जवळ आलीस. पन्नास-साठ पावलं मागे सरक, झाडाखाली बस, हलू नकोस. अंडी बघायला रोज जाऊ नकोस. तू जाशील, ती उठेल, आणि कावळा तुला बघत असेल. फोटो आणि जागा कुठेही टाकू नकोस.

आठ दिवस नुसतं बघ आणि ती काय काय करते त्याची यादी कर. बसणं, उठणं, अंडी फिरवणं, नुसतं अंड्यांवर सावली धरून उभं राहणं, ओरडणं, जोडीदाराशी बदली. दुपारी कधीतरी ती पाण्यावर जाऊन पोटाची पिसं भिजवून येते आणि तशीच ओली अंड्यांवर बसते. ते दिसलं तर वेळ नक्की लिही. यादी पक्की झाली की सकाळी दोन तास, दुपारी एक तास. मोबाइलवर मिनिटाचा गजर लाव, आवाज बंद, फक्त थरथर. दर मिनिटाला त्या क्षणी ती काय करतेय तेवढा एक शब्द. सोबत ऊन, ढग, वारा. वहीच. मोबाइलमध्ये लिहू नकोस, उन्हात पडदा दिसत नाही आणि चार्जिंग संपतं.

मनात प्रश्न एकच धर: ऊन वाढतं तसं तिचं बसणं वाढतं की उभं राहणं? महिन्याभरानं तो तक्ता मला पाठव. इंग्रजीत कसं लिहायचं ते आपण दोघी मिळून बघू. मुलाखतीला जाशील तेव्हा ती वही टेबलावर ठेव.

---

मीनाकाठची

ताई, सापडलं. कांद्याच्या चाळीमागे, खडीच्या ढिगाला लागून. तीन अंडी होती, आज चौथं दिसलं. आज सकाळी ६.४० ते ८.४० बसले. एकशे वीस मिनिटांपैकी ८३ वेळा "बसली", २२ वेळा "उभी", बाकी वेळा दिसली नाही किंवा ट्रॅक्टर मध्ये आला. आबा चहा घेऊन आले होते, माझ्या मागे दहा मिनिटं काही न बोलता उभे राहिले आणि जाताना ट्रॅक्टरवाल्याला पलीकडच्या बांधानं जायला सांगून गेले.

एक अडलंय. नर-मादी दोघंही सारखेच दिसतात आणि दोघंही बसतात. ७.५२ ला बदली झाली. मग त्यानंतर "बसली" लिहू की "बसला"?

---

माळटिटवी

दोन्ही नको. "पहिला पक्षी" आणि "दुसरा पक्षी" लिही, आणि प्रत्येक बदलीची वेळ. उद्या सकाळी कोण बसलंय हे माहीत नसणार, तेव्हा उद्याची मोजणी पुन्हा "पहिला"पासून, आणि कालच्याशी जोडू नकोस. तोंडावरचा लाल पडदा, पायाचा एखादा व्रण, पंखावरचं तुटकं पीस असं काही वेगळं दिसतं का बघत राहा. दिसलं की चित्र काढ.